पत्ता रोज नवा, तरी पत्र घरपोच!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावचा पिन कोड ४१६११२. गल्ली बदला, जुनं घर पाडून नवं बांधा, हा आकडा तोच राहतो. पण त्याच घरातल्या राउटरला इंटरनेटवर जो आकडा मिळतो, तो आज एक तर उद्या दुसरा. लाईट जाऊन आली, राउटर बंद होऊन चालू झाला, की बहुतेक वेळा पत्ता नवा! अशा घरात कुणी म्हणालं, माझी ईमेलची पेटी कुठल्या परदेशी कंपनीच्या गोदामात नको, माझ्याच माळ्यावरच्या छोट्या यंत्रात हवी, तर जमेल का? जमतं. सगळं नाही, पण निम्म्याहून जास्त नक्की जमतं. त्यामागच्या गमती तर कुणालाही कळाव्यात अशा आहेत.

सेनापतींचा मुक्काम

वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली ते गेले. ज्या सेनापतीचा मुक्काम सतत हलतो, त्याला खलिता गावाच्या पत्त्यावर धाडून चालत नाही. तो माणसाच्या नावाने निघतो आणि मुक्काम कुठे आहे ते हरकारा वाटेत विचारत जातो. ईमेल अगदी याच पद्धतीने चालतो.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावांची व्यवस्था मांडली: माणसांनी नाव लक्षात ठेवायचं, आकडा यंत्रांनी शोधायचा. जानेवारी १९८६मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी त्यात टपालासाठी खास नोंद लिहून दिली. तिचं नाव एमएक्स. ‘या नावाचं टपाल कुठल्या यंत्राकडे न्यायचं’ एवढंच ती सांगते, आणि गंमत अशी की या नोंदीत आकडा लिहायचाच नसतो. तिथे दुसरं एक नाव असतं आणि त्या नावाचा आजचा आकडा पत्र पाठवणारं यंत्र त्याच क्षणी विचारून घेतं. म्हणजे हलत्या पत्त्याच्या घराची सोय चाळीस वर्षांपूर्वीच होऊन बसली आहे!

आकडा बदलला, की घरातल्या एका लहानशा प्रोग्रॅमने नवा आकडा कळवायचा, एवढंच काम उरतं. तशी अधिकृत रीत १९९७ साली ठरली. प्रत्येक नोंदीबरोबर ‘हे उत्तर इतके सेकंद खरं माना’ असा शेरा असतो, त्याला टीटीएल म्हणतात. ज्यांचा पत्ता सहसा बदलत नाही, त्यांना तो एक दिवसाचाही ठेवता येतो. हलत्या घरांनी एक मिनिटाचा ठेवावा.

आकडे कमी पडले

पत्ता मुळात का हलतो? जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचारशे कोटींहून थोडे जास्त. जगात माणसंच त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि बहुतेकांच्या खिशात फोन. पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्याआधीपासूनच इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या पत्ता कायमचा न देता भाड्याने देत होत्या. त्या भाडेपट्ट्याचे नियम डीएचसीपी या नावाने १९९३ साली लिहिले गेले. मुदत संपली किंवा जोडणी तुटली, की तुमचा आकडा दुसऱ्या घरी.

त्यातही एक पायरी खालची आहे. कंपनी अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देते आणि घरांना आतले, खासगी आकडे वाटते. त्यासाठी एप्रिल २०१२मध्ये एक पट्टाच राखून ठेवला गेला: १००.६४पासून १००.१२७पर्यंत सुरू होणारे ४१,९४,३०४ आकडे. तुमच्या राउटरला यातला आकडा असेल, तर बाहेरून तुमच्या घराचं दार कुणाला दिसतच नाही. हलता पत्ता चालतो, पण हा लपलेला पत्ता घरच्या सर्व्हरला फार जड जातो. गावोगावच्या जोडण्यांवर हा प्रकार सर्रास दिसतो.

मशीनच्या नावाचा पत्ता

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हाच्या मुंबईकरांचे ईमेल पत्ते आठवतात? नावापुढे ‘जीआयएएसबीएम०१’, मग टिंब, मग व्हीएसएनएल. त्यातलं ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे, आणि ‘०१’ म्हणजे पहिलं यंत्र. पुण्याच्या पत्त्यात ‘पीएन’ असे, दिल्लीच्या ‘डीएल’. माणसाच्या पत्त्यात यंत्राचं नाव कोरलेलं! पुढे ती यंत्रं गेली, कंपनी २००२ साली टाटांकडे गेली, आणि छापलेल्या व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे वाया गेले.

त्याच्याही आधी, १९८६मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाच्या काळात, मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून देशातल्या शिक्षणसंस्थांचं ईमेल बाहेर जायचं. त्या काळातल्या यूयूसीपी पद्धतीत यंत्रं एकमेकांना फोन लावून साठलेली पत्रं देत-घेत. पत्त्यात वाटेवरच्या प्रत्येक यंत्राचं नाव क्रमाने लिहावं लागे, दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह घालून. मधलं एक यंत्र बदललं, की अख्खा पत्ता चुकीचा.

फोन करणाऱ्यानेच पत्रं घ्यायची

हलत्या पत्त्यावरच्या सर्व्हरसाठी ऑगस्ट १९९९मध्ये चक्क एक स्वतंत्र नियम झाला. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित कागदांत असतात. हा कागद क्रमांक २६४५, आणि ‘बदलत्या आयपी पत्त्यांसह’ हे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. युक्ती मस्त आहे. कंपनीचा सर्व्हर तुम्हाला शोधत बसत नाही. तुमचं घरचं यंत्र त्याला जोडणी करतं, ओळख पटवतं, आणि मग दोघं भूमिकांची अदलाबदल करतात. ज्याने हाक मारली तो ऐकणारा होतो, ज्याने ऐकलं तो पत्रं द्यायला लागतो. घराचा पत्ता कुणाला माहीत असण्याची गरजच उरत नाही.

त्याहून लोकप्रिय झाला तो फेचमेल नावाचा प्रोग्रॅम. एरिक रेमंड या अमेरिकी प्रोग्रॅमरला घरच्या, अधूनमधूनच जोडल्या जाणाऱ्या संगणकावर आपलं ईमेल हवं होतं. त्यासाठी त्याने १९९६ साली जगभरच्या हौशी लोकांच्या मदतीने हा प्रोग्रॅम फुलवला. त्या अनुभवावर १९९७मध्ये त्याने जो निबंध वाचला, तो मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतला सर्वांत गाजलेला निबंध ठरला: ‘द कॅथीड्रल अँड द बझार’. घरी पत्रं आणण्याच्या खटपटीतून सॉफ्टवेअर बनवण्याचा एक नवा विचार उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं बाजाराचं. पेठ वडगावसारख्या बाजाराच्या गावातल्या वाचकांना हे आवडायला हवं.

वाट बघणारं पत्र

‘घरी सर्व्हर? आणि लाईट गेली तर?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर सर्वांत सुखाचं. ईमेलची पाठवणी ज्या एसएमटीपी नियमांवर चालते, ते जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिले. तेव्हा यंत्रं बंद पडणं ही रोजची गोष्ट होती, म्हणून नियमांतच धीर भरलेला आहे. समोरचं यंत्र सापडलं नाही तर पत्र फेकायचं नाही. रांगेत ठेवायचं, निदान अर्ध्या तासाने पुन्हा जायचं, आणि किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहायचं. अर्ध्या तासाचा आणि चार-पाच दिवसांचा हा हिशेब नंतरच्या नियमांत आला, आणि आजही तोच आहे. म्हणजे वडगावात सकाळभर लाईट नसेल, तर दिल्लीहून निघालेलं पत्र दुपारी येतं. हरवत नाही.

२०१९च्या ऑगस्टमधला महापूर मात्र या हिशेबाबाहेरचा. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. असा प्रसंग पाच दिवसांपलीकडे गेला तर पत्र परत फिरतं. त्यावरही उपाय आहे. एमएक्स नोंदी एकाहून अधिक ठेवता येतात, प्रत्येकीला क्रम देता येतो. पहिलं यंत्र घरचं, दुसरं दूर कुठेतरी, पूर ओसरेपर्यंत पत्रं सांभाळणारं.

या धीराचा उपयोग स्पॅम ओळखायलाही होतो. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंग नावाची युक्ती मांडली. अनोळखी यंत्र पहिल्यांदा आलं, की त्याला म्हणायचं, ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने ये.’ खरा टपालवाला नियमाप्रमाणे पुन्हा येतो. घाईत लाखो पत्रं उडवणारा स्पॅमवाला तेव्हा परत येतच नसे.

येणं सोपं, जाणं अवघड

आता खरी अडचण. पत्र घरी येणं हा भाग आजही सहज होतो. घरून बाहेर पाठवलेलं पत्र मात्र समोरचा बहुधा दारातूनच परत पाठवतो. कारण तो तुमचं नाव बघण्याआधी तुमचा आकडा बघतो.

याचं मूळ ३ मे १९७८ या दिवसात आहे. डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी संगणकांची जाहिरात एका फटक्यात चारेकशे लोकांना धाडली. पहिला स्पॅम तोच. पुढे घरोघरी संगणक आले, त्यांत विषाणू शिरले, आणि मालकाला पत्ता न लागता तेच संगणक स्पॅम पाठवू लागले. रस्टॉक नावाचं अशा बाधित संगणकांचं जाळं मार्च २०११मध्ये तोडलं, तोवर ते दिवसाला अब्जावधी पत्रं पाठवत होतं. त्यातले कितीतरी संगणक साध्या माणसांच्या घरातले, हलत्या पत्त्यांवरचे. मग जगाने ठरवून टाकलं: घरच्या पत्त्यावरून थेट आलेलं पत्र घ्यायचंच नाही.

त्यासाठी याद्या निघाल्या. १९९७च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी पहिली गाजलेली काळी यादी चालवली. त्या संस्थेचं नाव होतं मॅप्स. रोमन अक्षरं उलटी वाचा, स्पॅम होतं! १९९८मध्ये लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू झाली. तिच्या पीबीएल या यादीत जगभरच्या घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे आहेत. यात आरोप कुणावर नाही. ‘या आकड्यावरून थेट टपाल येणं अपेक्षित नाही’ एवढंच ती यादी सांगते. पण वडगावच्या घरातून नातवाने सिंगापूरच्या आत्याला लिहिलेलं पत्र त्या एका ओळीपायी परत येतं. हे मला अन्यायाचंच वाटतं, कारण लिहिणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. तरी इतक्या स्पॅमपुढे दुसरा सोपा मार्ग कुणाला सापडला नाही, हेही तितकंच खरं.

वर, टपाल ज्या पंचवीस नंबरच्या पोर्टमधून जातं, ते पोर्ट अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर बंदच ठेवतात. आणि एक उलटी नोंद लागते, पीटीआर. नावावरून आकडा तुम्ही स्वतः सांगू शकता. आकड्यावरून नाव सांगण्याचा हक्क मात्र आकडा ज्याच्या मालकीचा आहे त्याचा, म्हणजे कंपनीचा. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी ही उलटी नोंद सर्व पाठवणाऱ्यांसाठी आवश्यक केली आहे.

यावरचा तोडगा साधा. पत्रं घ्या घरी, पाठवा मात्र ओळखीच्या मध्यस्थामार्फत. पासवर्ड देऊन पत्र सोपवण्यासाठी ५८७ नंबरचं वेगळं पोर्ट १९९८मध्येच ठरलं. स्थिर पत्त्याच्या एखाद्या मेलसेवेला आपलं पत्र द्यायचं, पुढे ती पोचवते. जगभर घरी सर्व्हर चालवणारे बहुतेक लोक हेच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

आकड्यापेक्षा सही मोठी

या सगळ्या अविश्वासातून एक फार चांगली गोष्ट जन्मली. याहू आणि सिस्को या कंपन्यांच्या दोन वेगळ्या कल्पना एकत्र करून २००७ साली डीकेआयएम आलं. सर्व्हर प्रत्येक पत्रावर गणिती सही करतो. ती पडताळायची किल्ली नावाच्या नोंदीत सर्वांसाठी उघडी असते. पत्र कुठल्या आकड्यावरून निघालं याच्याशी सहीला काही देणंघेणं नाही. घराचा पत्ता रोज बदलला, पत्र मध्यस्थाच्या हातून गेलं, तरी सही तीच आणि खरीच. हलत्या घराला मिळालेलं हे सर्वांत मोठं बळ आहे.

उलट, दुसऱ्याचा डाग तुमच्या कपाळी येणंही घडतं. आज तुम्हाला मिळालेला आकडा काल ज्याच्याकडे होता, त्याच्या बाधित संगणकाने स्पॅम पाठवला असेल, तर काळ्या यादीतली नोंद तुम्हाला आयती मिळते. आणि तुमचा जुना आकडा दुसऱ्याच्या घरी गेल्यावर, नोंद बदलेपर्यंतच्या त्या एखाद-दोन मिनिटांत तुमचं पत्र त्याचं दार ठोठावतं. बहुतेक घरांत दार उघडायला कुणी नसतं, म्हणून पत्र रांगेत थांबतं. एखाद्याकडे सर्व्हर असलाच, तर तो ‘हा माणूस इथे राहत नाही’ सांगून परत पाठवतो.

तुम्हीच पोस्टमास्तर

नियम म्हणतो, ईमेल घेणाऱ्या प्रत्येक नावावर ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता चालू असलाच पाहिजे. तक्रार करायला जगातल्या कुणालाही तो उपयोगी पडावा म्हणून. म्हणजे घरी सर्व्हर लावला, की दहावीतला मुलगाही पोस्टमास्तर!

पोस्टाचा विषय निघाला म्हणून एक अभिमानाची गोष्ट. आपली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे. कोकणातले, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. नावं सारखी, भाषा अनेक, अक्षर वाईट. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात ढीगभर आहेत, ४१६११२ लिहिलं की घोळ संपतो. कागदी टपालाने नावाकडून आकड्याकडे जाऊन गोंधळ मिटवला, ईमेलने आकड्याकडून नावाकडे येऊन.

दोन यंत्रांच्या गप्पा

ईमेल पोचवताना यंत्रं अक्षरशः बोलतात. घरचा सर्व्हर दार उघडून २२० म्हणतो. पाहुणा स्वतःचं नाव सांगतो, उत्तर २५०, म्हणजे ठीक. कुणाकडून, कुणाला, दोन्हींना २५०. मग ३५४, म्हणजे ‘वाच आता’. पत्र संपलं हे कसं सांगायचं? एका ओळीत फक्त एक टिंब द्यायचं. शेवटी २२१, ‘येतो’. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे ‘नंतर ये’, पाचशेच्या घरातला म्हणजे ‘नाही म्हणजे नाही’. हे सगळं माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत चालतं, म्हणून कळफलकावर हाताने टाइप करूनही पत्र देता येतं.

यातला सर्वांत अचाट किस्सा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा. तिथल्या विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाने तक्रार केली, की आमचा ईमेल पाचशे मैलांच्या पुढे जात नाही! ट्रे हॅरिस हे व्यवस्थापक चक्रावले, तपासलं तर खरंच. सर्व्हरचा प्रोग्रॅम चुकून जुन्या आवृत्तीवर गेला होता आणि उत्तराची वाट बघण्याची मुदत शून्य झाली होती. त्या यंत्रावर शून्य म्हणजे सुमारे तीन हजारांश सेकंद, आणि तेवढ्या वेळात प्रकाश जातो ५५८ मैल, साधारण ९०० किलोमीटर. वडगावात असा सर्व्हर असता तर पत्र मुंबई, हैदराबाद, बंगळूरला गेलं असतं. दिल्लीला नाही.

देवनागरी थोडी जड

ऑगस्ट २०१४मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट सुरू झालं, मराठीसह आठ भाषांसाठी. डीएनएसला मात्र आतून जुनीच रोमन अक्षरं कळतात. त्यामुळे प्रत्येक देवनागरी नाव पडद्यामागे ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक शब्दात बदलतं. @ चिन्हाच्या अलीकडचं नावही देवनागरीत लिहिण्याचे नियम २०१२मध्ये आले. घरचा सर्व्हर चालवणाऱ्याला ही सोय एका सेटिंगने चालू करता येते, कुणाची परवानगी लागत नाही.

वजनाचं म्हणाल, तर ‘पेठ वडगाव’ रोमनमध्ये १२ बाइट, देवनागरीत २५. ईमेलमधून जाण्यासाठी त्याला पारंपरिक बेस६४ वेष चढवला की ३६. तरीही चार पानी मराठी पत्र एका फोटोपुढे काहीच नाही. देवनागरीत लिहायला कचरू नका.

वारणेकाठचा धडा

वडगावच्या पंचक्रोशीतच, वारणानगरला, १९९८ साली देशात गाजलेला प्रयोग झाला: वारणा वायर्ड व्हिलेज. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी समूहाच्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकाने जोडायची. गावोगावच्या केंद्रांत शेतकऱ्याला ऊस किती गेला, बिल किती झालं, हे कळू लागलं. परदेशातले अभ्यासक बघायला आले.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या चमूने त्याच समूहाच्या साखर कारखान्यात नवा प्रयोग केला. सात गावांतले संगणक बाजूला ठेवून आठ महिने साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम चालवलं. स्वस्त पडलं, सोयीचं ठरलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: शेतकरी शेतात असो की कारखान्याच्या काट्यावर, त्याचा मोबाइल नंबर तोच होता. माणूस हलला तरी ओळख हलली नाही.

चाकांवरचा सर्व्हर

पत्ता हलतो म्हणून काय घाबरायचं, इथे सर्व्हरच हलतात! कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात डाकनेट नावाच्या प्रयोगात बसवर वायफायची पेटी बसवली. बस गावाजवळून गेली, की गावातल्या संगणकातलं टपाल बसमध्ये, बसमधलं गावात. कंबोडियात २००३मध्ये हेच मोटरसायकलींनी केलं. आणि ऑगस्ट १९९१मध्ये अटलांटिस यानातल्या अंतराळवीरांनी मॅकिंतॉश पोर्टेबलवरून ईमेल पाठवला, तेव्हा त्यांचा मुक्काम ताशी २८,००० किलोमीटर वेगाने हलत होता.

बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे

नव्या आयपीव्ही६मध्ये एका घराला साधारण जो लहानात लहान तुकडा मिळतो, त्यात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ पत्ते असतात. बुद्धिबळाच्या पटावर दर घराला दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट आठवा. त्याचे एकूण दाणे याहून बरोबर एकने कमी! बुद्धिबळासाठी प्रसिद्ध असलेली सांगली शेजारीच आहे, तिथल्या मंडळींना हा हिशेब तोंडपाठ असेल. भारत आयपीव्ही६च्या वापरात जगात आघाडीवर आहे. घरी सर्व्हर ठेवू पाहणाऱ्यांसाठी, लपलेल्या पत्त्याची भिंत ओलांडण्याचा हा खराखुरा रस्ता आहे.

खर्च आणि हत्यारं

रास्पबेरी पाय नावाचा, हाताच्या तळव्यात मावणारा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. पाच वॉट धरले, तर महिनाभर अखंड चालवायला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज. प्रोग्रॅम सगळे फुकट: पोस्टफिक्स हा विट्झे व्हेनेमा यांनी १९९८मध्ये दिला, एक्झिम १९९५मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी, डव्हकॉट २००२मध्ये फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी. महाग आहे ते लक्ष. सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला घालायला हवेत, पासवर्ड भक्कम हवा.

लक्ष नसलं की काय होतं ते डाइन या कंपनीने भोगलं. वूस्टर पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली होती, हलत्या पत्त्याच्या घरांना नाव देण्यासाठीच. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिच्यावर जो हल्ला झाला, त्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी मोठ्या साइट अडखळल्या. हल्ला करणारी यंत्रं होती घरोघरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर, ज्यांचे कारखान्यातले पासवर्ड मालकांनी कधी बदललेच नव्हते. आणि घरच्या सर्व्हरमुळे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूकही ढवळून निघू शकते: हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना त्यांचा सर्व्हर न्यूयॉर्क राज्यात चॅपाक्वा इथल्या त्यांच्या घरी होता.

करायचं तर असं

वडगावातली शाळा, दूध संस्था, पतसंस्था, दुकान, कुणीही असा, आधी स्वतःचं नाव नोंदवा, ‘.इन’ किंवा ‘.भारत’मध्ये. पेटी आज कुठल्याही कंपनीकडे ठेवा, नाव तुमचं असलं की उद्या ती घरी आणता येते आणि कुणाला नवा पत्ता कळवावा लागत नाही. मग घरी फक्त येणारं टपाल आणा, जाणारं मध्यस्थाकडे द्या, आणि रोजची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. बँकेचे आणि सरकारी कामांचे ईमेल निदान सहा महिने जुन्याच पेटीत राहू द्या. आणि आज संध्याकाळी एवढं करा: राउटरच्या पानावर जाऊन बाहेरचा आकडा बघा. तो १०, १७२.१६ ते १७२.३१, १९२.१६८ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेटवाल्याला फोन करून खरा पत्ता मागा. दुसरा काही असेल आणि कंपनीने पंचवीस नंबरचं पोर्ट बंद ठेवलं नसेल, तर तुमचं घर सर्व्हरसाठी तयार आहे.